सायकल हॉटेलच्या खोलीत नेण्याची कापडी पिशवी: दोन हंगामांच्या वापरानंतरचा अभिप्राय

दिवसभर सायकल चालवून मुक्कामी पोहोचल्यावर अंघोळीच्याही आधी मला चिंता असते ती सायकल रात्री कुठे राहणार याची. बाहेर खांबाला कुलूप लावून ठेवलेली सायकल सकाळी जागेवर सापडली, तरी तिचे दिवे, सीट आणि क्विक रिलीजची चाके जागेवर असतीलच असे सांगता येत नाही; ही चाके काढायला कोणतेही हत्यार लागत नाही. म्हणून सायकल खोलीतच असावी हा माझा आग्रह असतो, आणि त्यासाठी दोन हंगामांपूर्वी मी पातळ नायलॉनची सायकल पिशवी घेतली. हा प्रकार मूळचा जपानमधला आहे. तिथल्या रेल्वेत सायकल सुटी करून पूर्णपणे झाकल्याशिवाय सहसा नेता येत नाही. सायकल अशी बरोबर घेऊन जाण्याला तिथे ‘रिन्को’ म्हणतात. बहुतेक कंपन्यांच्या पिशव्यांची रचना सारखीच असल्यामुळे मी इथे एका कंपनीचा नव्हे, तर या प्रकाराचाच विचार करतो आहे.

पिशवीची घडी पाण्याच्या बाटलीएवढी होते आणि फ्रेमवरच्या बाटलीच्या पिंजऱ्यातच बसते. वापरताना मागचा गिअर सर्वांत लहान चक्रावर आणायचा, दोन्ही चाके काढायची, मागच्या चाकाच्या जागी आधाराची धातूची पट्टी बसवायची आणि सीट व त्या पट्टीवर फ्रेम उभी करायची. मग फ्रेमच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक ठेवून तीन पट्ट्यांनी घट्ट बांधायचे आणि वरून पिशवी ओढून घ्यायची. पहिल्या वेळी मला अर्धा तास लागला होता. आता दहा-बारा मिनिटे पुरतात. चाकांसह सुमारे 170 सेंमी लांब असलेली सायकल लहान लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी करून न्यावी लागते आणि तेवढ्यात हँडल किंवा पेडल भिंतीला घासते. तीच सायकल पिशवीत साधारण मीटरभर उंचीची होते आणि कपाटाशेजारी निमूटपणे उभी राहते.

माझ्या दृष्टीने या पिशवीचा खरा उपयोग मात्र स्वागतकक्षात होतो. सायकल खोलीत नेण्याला हॉटेलांचा विरोध असतो तो चिखल, चेनचे तेल आणि भिंतींवरचे ओरखडे यांमुळे, आणि तो मला रास्त वाटतो, कारण गालिच्यावरचा तेलाचा डाग सहज निघत नाही. एका हॉटेलात उघडी सायकल पाहून स्पष्ट नकार मिळाला होता. मी बाहेर जाऊन ती बांधून आणली, तेव्हा त्याच व्यवस्थापकांनी स्वतः दार धरले. दुसऱ्या एका ठिकाणी पिशवीतूनही परवानगी मिळाली नाही. तेव्हापासून मी खोली ठरवण्यापूर्वीच फोन करून विचारतो, कारण झाकलेली सायकल लपवून आत नेणे हा या वस्तूचा उपयोग नव्हे. आत नेण्यापूर्वी टायर आणि चेन स्वतःच्या फडक्याने बाहेरच पुसावी. हॉटेलचे टॉवेल त्यासाठी वापरणारे प्रवासी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराला त्याची किंमत मोजावी लागते.

पिशवीच्या उणिवाही सांगायला हव्यात. कापड पातळ असल्याने धक्क्यापासून काहीच संरक्षण मिळत नाही, त्यामुळे विमानाच्या सामानात टाकण्यासाठी ती निरुपयोगी आहे. पुढच्या दातेरी चक्राने माझ्या पिशवीला दोन भोके पाडली. आता मी चक्राभोवती जुना कपडा गुंडाळतो. ओली सायकल रात्रभर तशीच बंद ठेवली तर चेनवर गंज धरतो, म्हणून खोलीत गेल्यावर पिशवीचे तोंड उघडून ठेवावे आणि खाली जुने वर्तमानपत्र पसरावे. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक (द्रवाच्या दाबावर चालणारे) असतील तर चाक काढल्यावर पॅडमध्ये प्लास्टिकची चकती अडकवणे अत्यावश्यक आहे. चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि सकाळी चाक आत जात नाही. मडगार्ड आणि कॅरिअर लावलेल्या सायकलींना ही पिशवी फारशी सोयीची नाही. विजेच्या सायकलींसाठी तर मी ती सुचवणारच नाही, कारण त्यांचे वजन खांद्याला पेलत नाही आणि लिथियम बॅटरी खोलीत चार्ज करण्याला हॉटेलने नकार दिला, तर आगीचा धोका पाहता तो मानायलाच हवा.

इतर सर्व साध्या सायकलींसाठी मी ही पिशवी मनापासून सुचवतो. घेताना खांद्याचा पट्टा मात्र नीट पाहावा. तो कापडालाच शिवलेला असेल तर शिवण लवकर उसवते; पिशवीच्या छिद्रातून आत जाऊन थेट फ्रेमला बांधला जाणारा रुंद पट्टा असेल, तरच ती घ्यावी.