ऑनलाईन एम.ए. एज्युकेशनमधलं ग्रुपवर्क: दोन सेमिस्टर काढल्यावरचं मत

स्टाफरूममध्ये हल्ली बऱ्याचजणी विचारतायत की घेऊ का गं अ‍ॅडमिशन, आणि प्रत्येकीला चहाच्या सुट्टीत तेच तेच सांगून मी दमले म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. मी कोपरखैरण्याला एका खासगी शाळेत पाचवी ते सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते, राहते ऐरोलीला. एम.एड. करायचं तर रोजचं कॉलेज आलं, ते नोकरी सांभाळून जमणारं नव्हतं, म्हणून ऑनलाईन एम.ए. एज्युकेशन. (दोन्ही एकच नाही बरं का. एम.एड. एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या अखत्यारीतलं, हे साधं एम.ए. आहे. पुढे बी.एड. कॉलेजात शिकवायचं डोक्यात असेल तर पात्रतेचे नियम आधी वाचा, आणि युनिव्हर्सिटी युजीसीच्या डीईबीच्या (दूरशिक्षण विभागाच्या) यादीत आहे ना तेही बघून घ्या.)

व्हिडिओ, पीडीएफ, क्विझ याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाहीये, ठीक आहे, दीडपट स्पीडवर ऐकलं तरी चालतं. खरा विषय ग्रुपवर्कचा. युजीसीच्या २०२० च्या नियमांत ऑनलाईन कोर्सला अंतर्गत मूल्यमापन जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्र परीक्षा किमान ७० टक्के असं आहे. आमच्याकडे त्या ३० मधला बराच भाग ग्रुप असाइनमेंटवर होता, म्हणजे तुमचे मार्क चार अनोळखी माणसांच्या हातात.

ग्रुप सिस्टिमनेच पाडले. आमच्यात नांदेडकडचे एक जिल्हा परिषद शाळेतले सर, चिपळूणच्या अंगणवाडी पर्यवेक्षिका ताई, गडहिंग्लजच्या एक ताई ज्यांनी बी.एड. करून मुलांसाठी नोकरी सोडलेली, घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणारा एक कॉर्पोरेट ट्रेनर, आणि मी. कागदावर बघितलं तर काय झकास ग्रुप आहे, सगळ्या थरातला अनुभव. पण हा अनुभव पहिल्या असाइनमेंटमध्ये कणभरसुद्धा वापरला गेला नाही आणि त्याला कारण माणसं नव्हती, असाइनमेंट होती.

विषय होता पाच शिक्षणतज्ज्ञांच्या विचारांचा तौलनिक अभ्यास. फुले, टागोर, गांधी, ड्यूई, माँटेसरी. माणसं पाच, तज्ज्ञ पाच, मग काय होणार! व्हॉट्सअ‍ॅपवर दहा मिनिटांत वाटप झालं, शेवटच्या रात्री ट्रेनरने सगळे तुकडे एका फाईलमध्ये चिकटवले, फॉन्ट पाच प्रकारचे. तौलनिक या शब्दाचं काय झालं ते विचारूच नका. भिशीच्या पार्टीला प्रत्येकीने एकेक डबा आणावा तसं, फक्त इथे दुसऱ्याचा डबा कोणी उघडलाच नाही. मला फुले आले, मी १८४८ ची भिडेवाड्यातली मुलींची शाळा आणि १८८२ चं हंटर शिक्षण आयोगापुढचं निवेदन यावर जीव तोडून लिहिलं, आणि परीक्षेत प्रश्न आला ड्यूईवर.

गंमत पुढेच आहे. नंतर एकदा बोलता बोलता चिपळूणच्या ताई बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांबद्दल सांगायला लागल्या. १९४५ ला बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, मग ते कोसबाडला गेलं, गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे मूल शाळेत येत नाही ना मग शाळाच कुरणात न्या. बोर्डी-कोसबाड म्हणजे २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत आमचाच ठाणे जिल्हा, आणि मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. माँटेसरीच्या विचारांचं आपल्या मातीत काय झालं याचं याहून चांगलं उदाहरण कुठलं? पण ते असाइनमेंटमध्ये नाही आलं, कारण ताईंच्या वाटणीला ड्यूई होता, माँटेसरी आली होती ट्रेनरकडे, आणि त्याने विकिपीडियावरून १९०७ चं रोममधलं बालगृह (तिची पहिली शाळा) टाकून विषय मिटवला. मार्क चांगले मिळाले हे आणखी वाईट, कारण पुढची असाइनमेंटपण सगळ्यांनी तशीच उरकली.

यात वैताग आणणारी गोष्ट म्हणजे त्याच सेमिस्टरला आम्हाला सहकारी अध्ययनाचा युनिट होता. त्यातले अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन्सन बंधू काय सांगतात, तर नुसतं एकत्र बसवलं म्हणजे ग्रुप होत नाही, एकाचं काम दुसऱ्याशिवाय पुरं होता कामा नये आणि तरी प्रत्येकाचा वैयक्तिक हिशोब लागला पाहिजे. हे पाठ करून आम्ही परीक्षेत लिहिलं, आणि ज्यांनी शिकवलं त्यांनीच दिलेल्या कामात यातलं एकही नाही. रिंगेलमानचा दोर ओढण्याचा प्रयोगही होता, माणसं वाढतात तसा माणशी जोर कमी पडत जातो. मग १९७९ ला बिब लाताने हे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींनी टाळ्या नि आरडाओरडा मोजून तेच दाखवलं, आणि दोनच वर्षांनी हेही की आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं कळलं की माणूस अंग चोरत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, पुढे त्यावर येते.

पण प्रत्येक गायब माणूस अंगचोर नसतो हेही लिहायलाच हवं. नांदेडचे सर मध्येच एकदम बंद झाले, ना मेसेज ना कॉल, ग्रुपमध्ये कुजबुज सुरू. नंतर कळलं की बीएलओची (निवडणुकीच्या बूथ अधिकाऱ्याची) ड्युटी लागली होती, घरोघर मतदार याद्या घेऊन फिरत होते, रेंज नाही, रात्री घरी येऊन झोपायचे. समोरासमोरच्या वर्गात माणसाचं तोंड बघून कळतं की हा थकलाय का टाळतोय. ऑनलाईनमध्ये दोन्ही सारखंच दिसतं, निळी टिक आणि शांतता. त्यानंतर आम्ही एक साधा तक्ता केला, कोण कधी उपलब्ध नाही एवढाच, काम वाटायच्या आधी तो भरायचा. गडहिंग्लजच्या ताईंनी त्यात लिहिलं, संध्याकाळी ७ ते ९ मी नाही, स्वयंपाक. बाकी सगळ्यांच्या घरी स्वयंपाक आपोआप होत असावा बहुतेक.

दुसरी अडचण मानाची. आमच्यात सर सगळ्यात सीनियर, वीसेक वर्षं नोकरी झालेली, आता सरांच्या परिच्छेदाला हात कोण लावणार? वाक्य चुकीचं असलं तरी आम्ही "छान झालंय सर" म्हणून पुढे. यावर उपाय ट्रेनरने शोधला, गूगल डॉक्समध्ये थेट एडिट न करता सगळ्यांनी फक्त सजेशन मोडमध्ये बदल सुचवायचे, ठेवायचं की काढायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. आणि त्याने पहिलं स्वतःचंच पान आमच्यासमोर टाकलं, म्हणाला फाडा. मग सरच सगळ्यात जास्त फाडायला लागले, तो भाग वेगळा.

दुसऱ्या सेमिस्टरला ट्यूटर मॅडम बदलल्या आणि त्यांनी जे काम दिलं त्यावरून माझं मत फिरलं. पाचवीच्या अपूर्णांकांवर एकच निदानात्मक चाचणी (मूल नेमकं कुठे अडतं ते शोधणारी) बनवायची, पण प्रत्येकाने स्वतःच्या मुलांनी प्रत्यक्ष केलेल्या चुका आणायच्या, आणि ग्रुपने ठरवायचं की कुठली चूक कुठल्या गैरसमजातून येते. हे वाटून घेताच येत नाही. माझी मुलं नेहमीची, १/४ हे १/३ पेक्षा मोठं कारण ४ मोठा, आणि १/२ अधिक १/३ बरोबर २/५. सरांच्या शाळेतही हुबेहूब तेच, नवी मुंबईची इंग्रजी मीडियमची मुलं आणि नांदेडच्या खेड्यातली मुलं एकाच जागी अडखळतात हे बघून मी थक्क झाले. ट्रेनरकडे मुलं नाहीत तर तो त्याच्या सेल्सच्या बॅचमधली चूक घेऊन आला, २० टक्के कमी करून परत २० टक्के वाढवले की मूळ किंमत येते असं पदवीधर माणसं सांगतात, प्रत्यक्षात १०० चे ८० आणि ८० चे ९६ होतात. म्हणजे पाचवीतलं न कळलेलं पुढे कुठपर्यंत जातं बघा, कशाचा भाग हे विसरलं की झालंच.

आणि सगळ्यात भारी मुद्दा गडहिंग्लजच्या ताईंचा, ज्या सुरुवातीला "मी काय बोलणार, मी तर घरीच असते" म्हणत होत्या. आम्ही सगळे भाकरीचं चित्र काढून अर्धी-पाव शिकवायच्या बाजूने. ताई म्हणाल्या, अहो पण घरात भाकरी तोडली की तुकडे कधी सारखे असतात का, पोराला मोठा तुकडा देतेच की आई, त्याच्या डोक्यात अर्धं म्हणजे दोनातला एक तुकडा, सारखेपणाचा संबंधच नाही. यावर जे भांडण जुंपलं! सर म्हणे भाकरी सोडायची नाही, मुलांना तीच कळते. मी म्हणे कागदाची पट्टी घ्या, गोलाचे तीन सारखे भाग मोठ्यांनाही धड करता येत नाहीत, पट्टी दुमडून बघता येते आणि पुढे संख्यारेषेवर जायला सोपं. गूगल मीटच्या फुकट खात्यावर ६० मिनिटांनी कॉल संपतो, तो संपला, सगळे परत जॉइन झाले, परत भांडलो. शेवटी चाचणीत पहिलाच प्रश्न असा टाकला की चार आकृत्यांपैकी कुठल्या आकृतीत १/३ भाग रंगवलाय, आणि त्यातल्या दोन आकृत्यांत तीन भाग मुद्दाम असमान. मी तो माझ्या वर्गात वापरला. निम्म्याहून जास्त मुलांनी असमानवाल्यांनाही बरोबरची खूण केली, आणि मी इतकी वर्षं शिकवत होते!

मॅडमनी मार्क द्यायची पद्धतही वेगळी ठेवली. आधीच्या सेमिस्टरला एकमेकांना गुण द्यायचे होते, ते निरुपयोगी आहे, सगळ्यांनी सगळ्यांना दहापैकी दहा, पुढे वर्षभर एकत्र राहायचंय कोण वाईटपणा घेणार. डॉक्समधली व्हर्जन हिस्ट्री (कोणी कधी काय बदललं त्याची नोंद) बघून कोणी किती लिहिलं ते ठरवणंही फसवं आहे, कॉलवर बोलणारी माणसं चार आणि टाइप करणारा एक असला तर सगळं त्याच्याच नावावर दिसतं. मॅडम काय करायच्या, ऑनलाईन तोंडी परीक्षेत ऐनवेळी कुणालाही विचारायच्या, हा प्रश्न चाचणीत का ठेवलात, आणि तो दुसऱ्याच्या भागातला असायचा. त्यामुळे सगळ्यांना सगळं माहीत असणं भागच. आवाज वेगळा मोजणं म्हणतात ते हेच.

जवळ राहणाऱ्यांनी भेटून काम करावं का? मी आणि ट्रेनर ठाण्यात मामलेदारची मिसळ खात बसलो की तासाभरात सगळं ठरायचं, आणि मग बाकी तिघांना ठरलेलं कळवायचं. चिपळूणच्या ताई एकदा स्पष्टच म्हणाल्या, तुमचं ठरलंच असेल तर आम्हाला विचारता कशाला. तेव्हापासून नियम, मिसळ खा पण निर्णय कॉलवर. तसंच व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही ठरवू नका, तिथे फक्त वेळ आणि लिंक. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत उभं राहून चार चार मिनिटांच्या व्हॉइस नोट ऐकणं हा छळ आहे, आणि त्यातला कामाचा मुद्दा नेमका शेवटच्या वीस सेकंदांत असतो.

तर घ्यावं का? एकट्याने शांतपणे वाचायला आवडत असेल आणि रात्री साडेनऊनंतर बोलायची ताकद उरत नसेल तर ग्रुपवर्क कमी असलेला कोर्स शोधा, त्यात काही कमीपणा नाही. बाकीच्यांनी अ‍ॅडमिशनच्या आधी मागच्या बॅचची एक ग्रुप असाइनमेंट मागून बघा. ती बसल्या बसल्या पाच जणांत वाटता आली तर ग्रुप नावापुरता आहे असं समजा. काउन्सेलर टाळाटाळ करतील, तरी मागा.

आणि "सगळं फोनवर होतं" असं ते सांगतील ते अर्धं खरं आहे. गडहिंग्लजच्या ताईंकडे लॅपटॉप नाही, त्या डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंगने बोलून लिहितात, मस्त चालतं, फक्त अनुस्वार आणि विरामचिन्हं नंतर कोणीतरी बघावी लागतात. पण फोनवर तक्ता एडिट करणं म्हणजे डोळ्यांची वाट. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी पहिल्याच कॉलला तसं सांगून टाका, तक्ते लॅपटॉपवाल्याच्या गळ्यात मारा.