ट्रॉलरचा शाफ्ट: जाड घ्यावा की धातू बदलावा?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नौका वर ओढल्या की रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत हा प्रश्न निघतोच: मोठं इंजिन बसवतोय, तर इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा ५० मिलिमीटरचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, ६० चा करू, की माप तेच ठेवून एमएसच्या (साध्या माइल्ड स्टीलच्या) जागी एसएस (स्टेनलेस स्टील) टाकू?

आधी जाडी. भरीव शाफ्टची पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. ५० चा ६० केलात की ताकद १.७३ पट, वजन मात्र १.४४ पट. फायदा घसघशीत आहे. पण उलटा हिशेबही तितकाच कडक: ग्लँडच्या (शाफ्टभोवतून पाणी आत येऊ न देणाऱ्या भागाच्या) पॅकिंगने घासून खाच पाडली म्हणून लेथवर ५० चा ४८ करून घेतलात, तर जवळपास १२ टक्के ताकद गेली. दोन मिलिमीटरांत! शिवाय नौका लांब बांधताना शाफ्टची लांबी आणि जाडी दोन्ही १.२ पट केली, आणि मधे शाफ्टला आधार देणारं बेअरिंग वाढवलं नाही, तर स्वतःच्या वजनाने येणारा झोळ १.४४ पट होतो. सगळं सारख्या प्रमाणात वाढवलं म्हणजे मजबुती राहिली, असं नसतं.

आता एसएस. ॲनील केलेला (तापवून मऊ केलेला) ३०४ किंवा ३१६ जातीचा एसएस सुमारे २०५ मेगापास्कल (धातूवरचा ताण मोजायचं एकक) ताणाला कायमचा वाकायला लागतो, साधं एमएस सुमारे २५० ला. म्हणजे त्याच मापाचा एसएस जास्त भार घेईल ही समजूत सोडा. त्याचा फायदा गंजाविरुद्ध आहे, आणि खाऱ्या पाण्यात तो फार मोठा आहे, कारण गंजाच्या खळग्यातूनच तडा सुरू होतो. घ्यायचा तर ३१६ घ्या. त्यातल्या मॉलिब्डेनम धातूमुळे तो ३०४ पेक्षा खाऱ्या पाण्यात टिकतो. २२०५ डुप्लेक्स ही एसएसचीच जात ताकद आणि गंज दोन्ही बाजूंनी सरस, सुमारे ४५० मेगापास्कलचा, पण महाग.

जाड शाफ्टचा खरा खर्च शाफ्टच्या बिलात दिसत नाही. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी), ग्लँड, कपलिंग (इंजिनाशी जोडणारा सांधा), पंख्याचं भोक, सगळं बदलतं, आणि लाकडी नौकेत स्टर्न ट्यूबसाठी, म्हणजे शाफ्ट नौकेबाहेर नेणाऱ्या नळीसाठी, लाकूड कोरावं लागतं.

इंजिनाचे नुसते एचपी बघून ठरवू नका. एचपी दुप्पट आणि पंख्याचे फेरेही दुप्पट, तर पीळ तोच. फेरे तेवढेच राहून एचपी वाढत असतील, तर मात्र माझं मत ६० कडे.

इंजिन जुनंच असून शाफ्ट तुटला असेल, तर तुकडा भंगारात देण्याआधी धुऊन बघा. चावीच्या (पंखा किंवा कपलिंग शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या) खाचेच्या कोपऱ्यापासून चंद्रकोरीसारख्या रेषा पसरलेल्या दिसल्या, तर तो एका झटक्यात तुटलेला नाही, तडा हळूहळू वाढत गेलाय. तिथे ३१६ घ्या, आणि नव्या खाचेचे आतले कोपरे लेथवाल्याकडून गोल करून घ्या.