प्रेग्नन्सीत डायलिसिस: नाशिकच्या सेंटरचा अनुभव, ४ स्टार

वहिनीचं डायलिसिस आधीपासून इथेच चालू होतं, आठवड्यातून ३ वेळा ४-४ तास, तेव्हा सेंटर ठीकठाक वाटायचं, खरा कस लागला तो तिला दिवस गेल्यावर. कळलंही उशिराच, डायलिसिसवर पाळीचा काही नेम नसतो ना. सेकंड ओपिनियनला एका ठिकाणी गेलो तर "आम्ही अशी केस घेत नाही" म्हणून वाटेला लावलं. इथल्या नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीच्या डॉक्टर) मॅडमनी मात्र बसवून सगळं सांगितलं, की १२ तासांवर आता भागणार नाही, रक्तातलं युरिया, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, जेवढं खाली तेवढं बाळाला बरं. टोरंटोच्या डॉक्टरांच्या २०१४ च्या अभ्यासात आठवड्याला ३६ तासांच्या वर डायलिसिस झालेल्यांत ८५ टक्के बाळं जिवंत जन्मली आणि २० तासांपर्यंतवाल्यांत ४८ टक्के, पेशंट मोजकेच होते पण फरक बघा! इथे रात्रीची शिफ्ट नाही म्हणून ३६ जमले नाहीत, पण रविवार सोडून रोज ५ तासांचा स्लॉट दिला, तोही सकाळचा.

सगळ्यात भारी म्हणजे टेक्निशियन दादा. मशीन लावायच्या आधी "ताई, काल काय काय खाल्लं" विचारणार, घोट्यावर अंगठा दाबून सूज बघणार आणि मगच किती पाणी काढायचं ते ठरवणार, कारण वाढलेल्या वजनात बाळाचंही वजन असतं, सगळं पाणीच समजून ओढलं तर बीपी धाडकन पडतं आणि बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो. ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन, दर आठवड्याला मॅडमना विचारून थोडं थोडं वर नेलं. हिमोग्लोबिनच्या इंजेक्शनचा डोसही वाढवला. आणि खाणं! रोज डायलिसिस म्हटल्यावर पथ्य बरंच सैल झालं, अंडी पनीर तर खाच म्हणाले, इतकी वर्षं पोटॅशियमच्या भीतीने केळ्याकडे नुसतं बघणारी आमची वहिनी अर्धं केळं खायला लागली, तेही रिपोर्ट बघून, विचारूनच.

आता १ स्टार का कापला. जास्तीच्या सेशनचं बिल कसं लागणार ते कोणी आधी लिहून दिलं नाही, डायलायझरचे (मशीनला लावायच्या रक्त गाळणाऱ्या फिल्टरचे) पैसे वेगळे लावलेत हे बिल हातात आल्यावर कळलं. एसी इतका गार की शाल घरून न्यायची. आणि गायनॅकशी यांचं बोलणंच नाही, सोनोग्राफीची फाइल घेऊन इकडून तिकडे आम्हीच पळायचो. डिलिव्हरी बहुतेक वेळा दिवस भरायच्या आधीच होते, त्यामुळे एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) असलेलं हॉस्पिटल तुम्हीच आधी बघून ठेवा, सेंटरवाले त्यात पडत नाहीत.