रेझिस्टन्स बँडचा सेट: ताणताना दणकट, सोडताना कमी पडतो

लांब लूपवाल्या लॅटेक्स बँडचा पाच जाडीचा सेट बरेच महिने वापरतोय. याचे रिव्ह्यू वाचले तर सगळे तुटला का, वास येतो का एवढंच लिहितात, पण स्नायूवर लोड नेमका कधी येतो हे कोणीच सांगत नाही आणि घ्यायचा की नाही हे खरं तर त्यावरच ठरतं.

साधा बायसेप कर्ल घ्या. हात वर आणताना स्नायू आकसत जोर लावतो ते कॉन्सेंट्रिक, खाली सोडताना ताण झेलत लांब होतो ते एक्सेंट्रिक आणि मधेच धरून ठेवलं की लांबी तीच पण जोर चालू, ते आयसोमेट्रिक. डंबेलचं वजन तिन्ही वेळेला तेवढंच. बँड मात्र जेवढा ताणाल तेवढा जड होतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच वाटत नाही आणि शेवटच्या टप्प्यात हात थरथरतो.

माझी मुख्य तक्रार एक्सेंट्रिकची आहे. आपला स्नायू उचलताना जेवढं पेलतो त्यापेक्षा सोडताना साधारण 20 ते 50 टक्के जास्त पेलू शकतो आणि बँड नेमका तिथेच ढिला पडत जातो. त्यात रबर ताणायला जेवढा जोर लागतो तेवढा ते परत येताना देत नाही, थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. म्हणूनच बँडच्या वर्कआउटनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग कमी दुखतं, कारण ते दुखणं जास्त करून एक्सेंट्रिक कामातून येतं. मोठ्या गॅपनंतर परत सुरू करणाऱ्यांना हे चांगलंच आहे, आणि अंग दुखलं नाही म्हणजे व्यायाम झाला नाही असं अजिबात नाही.

यावर एक उपाय मला फार आवडतो. बँड पायाखाली घेऊन पाय जवळ ठेवून कर्ल करा, वर पोचलात की पाय फाकवा म्हणजे ताण वाढतो आणि मग चार-पाच सेकंद घेत हळू सोडा. फरक लगेच कळतो.

आयसोमेट्रिकला मात्र पूर्ण मार्क. ताणून धरला की पकड जराही सैल करता येत नाही, लगेच मागे खेचतो. फक्त ताकद जास्त करून ज्या कोनात धरता त्याच्या आसपासच वाढते, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या कोनांत धरा, आणि श्वास रोखू नका, बीपी झपकन वर जातं. ज्यांना आधीच बीपीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच करा.

पुलअपला आधार म्हणून जाडा बँड मस्त, तळाशी सगळ्यात जास्त मदत करतो आणि वर जाता जाता सोडून देतो. पण निगेटिव्ह, म्हणजे पुलअपचा फक्त हळू खाली यायचा भाग, करायचे असतील तर बँड काढाच, स्टूलवर चढून हनुवटी बारच्या वर ठेवा आणि स्वतःच्या वजनाने हळू खाली या.

क्वालिटी ठीक आहे. पॅकवर किलो छापलेत पण ते किती ताणल्यावर हे लिहिलेलं नाही, ते लिहायलाच हवं होतं. उन्हात ठेवू नका, आणि दर वेळी वापरायच्या आधी बोटाने कडा चाचपून बघा, बारीक चीर दिसली तरी फेकून द्या, तोंडासमोर तुटला तर डोळ्याला लागू शकतं.

पाचपैकी साडेतीन. घरी डंबेल असतील तर जोडीला नक्की घ्या, नुसत्या बँडवर पायांची ताकद वाढवायचा विचार असेल तर नको.