अकरा महिने, १७ कपडे आणि खानापूरचा पाऊस

गेल्या मे महिन्यात कपाट उघडलं, तर लग्नातल्या शालूच्या घडीवर पांढरी बुरशी धरलेली. कपाटामागची भिंत पश्चिमेची, पावसाळाभर ओल धरणारी. आणि आत कपडे असे दाबून भरलेले, की वारा शिरायला जागा नव्हती. सत्तरच्या वर कपडे, त्यांतले अंगाला लागायचे दहा-बारा. शालू गेला त्याचं फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात ठरवलं, की जे सतत वापरात फिरतील तेवढेच ठेवायचे.

राहणं खानापुरात, नोकरी बेळगावच्या पतसंस्थेत, माहेर चंदगडकडे. रोज पंचवीस-सव्वीस किलोमीटर बस नाहीतर रेल्वे, दिवसभर काउंटर, महिन्यात एखादं लग्न किंवा बारसं. याला पुरतील असे १७ नग ठेवले: ६ कुर्ते, ३ पँटी, २ ओढण्या, ४ साड्या, एक स्वेटर, एक रेनकोट. घरातले आणि शेतातले जुने कपडे यात धरलेले नाहीत. एक काळी इरकल साडी सोडली तर रंग तीनच, गडद निळा, मरून आणि मोतिया. बाकी कपडे जावेला, बहिणीला दिले.

किती कपडे लागतील याचा हिशेब मी उन्हाळ्यात केला, ही पहिली चूक. मे महिन्यात सकाळी वाळत घातलेला कुर्ता दुपारी घडी करायला तयार असतो. सहापैकी चार कुर्ते हुदलीच्या खादीचे शिवले होते. गांधीजी १९३७ साली येऊन राहिले होते ते हुदली, आपल्या बेळगाव तालुक्यातलंच. तिथली खादी अंगाला फार सुखाची; घाम शोषते आणि धुण्यागणिक मऊ होत जाते. पण जाड सुताचा तोच गुण जुलैत उलटतो. जेवढं पाणी पितो तेवढं तो कपडा सोडायला वेळ घेतो. आमच्या पडवीत एक कुर्ता वाळायला तीन दिवस लागायचे, आणि मग त्याला कुबट वास. गुरुवारी घालायला काही उरत नसे. शेवटी कापूस आणि पॉलिस्टर मिश्रणाचे दोन पातळ कुर्ते घेतले, जे रात्री पंख्याखाली टाकले की सकाळी वाळतात. म्हणून आज आकडा १९ आहे, आणि तो मला योग्य वाटतो. कुणाला असं कपाट लावायचं असेल तर आधी आपल्या घरी पावसात कपडा किती दिवसांत वाळतो ते बघा, मग आकडा ठरवा.

मोतिया पँट जूनच्या पहिल्या आठवड्यातच हरली. आमच्याकडची माती जांभ्याची, तांबडी. स्टँडपर्यंत चालत गेलं की पोटऱ्यांपर्यंत शिंतोडे, आणि तो डाग पुरता जात नाही. पँट रंगाऱ्याकडून चॉकलेटी करून घेतली. कापड छान रंगलं, शिलाईचा दोरा मात्र पॉलिस्टरचा असल्यामुळे तसाच पांढरा राहिला. सुती रंग पॉलिस्टरवर चढत नाही. आता ती पांढरी शिवण मुद्दाम घातल्यासारखी दिसते आणि मला आवडते.

शिवण्याबद्दल दोन गोष्टी. कोरी खादी आधी पाण्यातून काढल्याशिवाय शिवायला देऊ नका. माझ्या शिंप्याने एक कुर्ता तसाच शिवला आणि दुसऱ्या धुण्यात बाह्या मनगटावरून वर सरकल्या. आणि बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, भरपूर ठेवायला सांगा. मोजकेच कपडे असतील तर अंग थोडं भरलं म्हणून एकही बाद करणं परवडत नाही. डिसेंबरपर्यंत माझे दोन कुर्ते उसवून सैल केले, नवीन शिवावा लागला नाही.

सगळ्यात जास्त कुणी साथ दिली असेल तर काळ्या इरकलीने. अंग सुती, काठ मरून, पदर लाल-पांढरा. इरकलीच्या पदराचे उभे धागे विणण्याआधीच अंगाच्या उभ्या धाग्यांना फासे घालून जोडलेले असतात. त्या जोडाला पिळू नये एवढं पाळलं की साडी रोजच्या नेसण्यालाही टिकते. मी कालनिर्णयावर टिंबं करत होते: अकरा महिन्यांत ती ३४ वेळा नेसली. ऑफिसात, संक्रांतीला, चंदगडला भाचीच्या बारशाला. गुळेदगुड्डच्या खणाचा एक मरून ब्लाउज तिच्यावर आणि दुसऱ्या दोन साड्यांवर चालतो. खण पहिल्या धुण्यात रंग सोडतो, तो वेगळा धुवा. माझ्या मोतिया ओढणीवर गुलाबी छटा त्यामुळेच आली.

सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. "काय गं, परत तीच नेसालीस? लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणाले नाहीत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी उलट विचारलं, "ही साडी तुला लई शोभते, खरं कुठं घेतलीस?" त्या रात्री सासूबाई माझ्या कपाटासमोर बराच वेळ उभ्या होत्या. घड्यांमध्ये चार बोटं अंतर, खाली कडुनिंबाचा वाळका पाला. "वास येत नाही बघ कपाटाला," एवढंच म्हणाल्या.

स्वेटर एकच पुरला. थंडी सकाळच्या गाडीपुरतीच बोचते. रेनकोटवर मात्र पैसे वाचवू नका. माझा स्वस्तातला श्रावणातच खांद्याच्या जोडातून गळायला लागला.

आता वळीव सुरू झालेत. मिरगाला महिना आहे. त्याआधी खादीचे दोन कुर्ते उन्हं दाखवून वर ठेवायचे, आणि गडद निळ्या पातळ कापडाचा एक कुर्ता पाण्यातून काढून शिंप्याकडे द्यायचा आहे.