गावच्या टाक्यांना सेन्सर: लोरावॅन की सिमकार्ड?

पाणीपुरवठा समितीतले एक काका विचारत होते, टाक्या आणि बोअरवेलवर सेन्सर बसवले तर त्यांची माहिती मोबाइलपर्यंत आणायची कशी? पर्याय दोन: प्रत्येक सेन्सरमध्ये मोबाइलचं सिमकार्ड, किंवा लोरावॅन, म्हणजे कमी विजेवर छोटे आकडे लांबपर्यंत पाठवणारं रेडिओ जाळं.

खर्च: सिमवाल्या प्रत्येक सेन्सरला वेगळा रिचार्ज, तोही कायमचा. लोरावॅनला आधी गेटवे, म्हणजे सेन्सरचे संदेश पकडून इंटरनेटवर पाठवणारी पेटी, घ्यावा लागतो, त्याला वीज आणि इंटरनेट लागतं. पण भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा रेडिओ लहरींचा पट्टा परवाना न घेता वापरता येतो, त्यामुळे सेन्सर वाढले तरी रिचार्ज वाढत नाही. शिवाय एकच गेटवे शाळा, शेतकरी गट, ग्रामपंचायत असा सगळ्यांना चालतो. आम्स्टरडॅममध्ये २०१५ साली नागरिकांनीच गेटवे बसवून शहरभर असं जाळं उभं केलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

बॅटरी: तासाला एखादा आकडा पाठवणारा लोरावॅन सेन्सर वर्षानुवर्षं चालतो. सिमवाला फोर-जी सेन्सर बराच लवकर थकतो.

मेहनत: इथे सिम सरस. रेंज असली की काम सुरू. गेटवे मात्र उंचावर बसवून कुणीतरी सांभाळावा लागतो.

दोन-चार सेन्सर किंवा कॅमेरा असेल तर सिमच घ्या, लोरावॅनवरून फोटो जात नाहीत. पंचवीस-तीस ठिकाणं आणि गेटवेची जबाबदारी घेणारा माणूस असेल, तर लोरावॅन.