पणजोबांचा लष्करी रेकॉर्ड काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा (माझे ६०,२५० गेले)

आधीच सांगतो, १९०१ असो की १९११ असो, इंग्रजांच्या काळातल्या जनगणनेचं तुमच्या घरातल्या माणसांच्या नावानिशी पान काढून देतो असं कुणी म्हणालं की तिथंच फोन ठेवा. ते पान नाहीचे. म्हणजे कुठल्या कपाटात धूळ खात पडलंय असं नाही, नाहीच. मोजणी झाली हे खरं, १८७२ ला पहिली, मग १८८१ पासून दर दहा वर्षांनी, पण घरोघर भरलेले तक्ते आकडे काढून झाल्यावर नष्ट केले, राहिले ते नुसते रिपोर्ट, अमुक जिल्ह्यात इतके पुरुष इतक्या बायका. इंग्लंडमध्ये नावानिशी पानं मिळतात म्हणून आपल्याला वाटतं आपलीही असतील. हे मला ९,८०० रुपये मोजल्यावर कळलं.

आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. गाव सातारा जिल्ह्यातलं, तिकडं घरटी एक माणूस पलटणीत असायचाच, आमच्या चावडीच्या भिंतीत ती संगमरवरी पाटीपण आहे, १९१४ ते १९१९ च्या लढाईत या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, नाव मात्र एकाचंही नाही. घरात एवढंच माहीत की "बसऱ्याला होते", आणि एक चांदीचं मेडल. एका बाजूला पंचम जॉर्ज, आणि कडेवर बारीक अक्षरात नंबर, सिपॉय, नाव, ११७ मराठा. कड इतकी झिजलीय की टॉर्च तिरका धरल्याशिवाय आडनाव लागत नाही. ही ११७ म्हणजे आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकलेली पलटण, २९ एप्रिल १९१६ ला तिथं सगळ्यांनी शस्त्रं ठेवली आणि मग तुर्कांची कैद. पणजोबा आत होते का मागून भरती झालेले, एवढंच वडिलांना हवं होतं. वडिलांचं वय ८१, त्यांना नाही म्हणवत नाही.

इतिहासाच्या एका ग्रुपवर मी मेडलचा फोटो टाकला आणि तासाभरात हा महाभाग मेसेजमध्ये हजर. लंडनला पीएचडी करतो, ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या, कागदांवर काम करतो, मराठी एकदम स्वच्छ, बोलायला नम्र, मला काका काका. आता हे सगळं खोटं म्हणायला सोपंय, पण त्यानं मला पंजाबच्या रजिस्टरांची बातमी पाठवली, आणि ती खरी आहे, लाहोरच्या म्युझियममध्ये पंजाबातल्या सव्वातीन लाखाच्या आसपास सैनिकांची रजिस्टरं सापडली आणि २०२१ ला त्यातली काही ऑनलाइन आली. मग पंजाबचं सापडतं तर साताऱ्याचं का नाही, हा विचार कुणाच्याही मनात आला असता. मी काही अडाणी नाही, आयुष्यभर सरकारी हिशेब तपासलेत.

पहिले ३,५०० प्राथमिक शोधाचे. ते घेताना त्यानं वंशावळ मागितली, "काका, नावं जितकी जास्त तितका शोध पक्का." मी चार पिढ्यांची नावं, गाव, तालुका, वतन कसलं, सगळं टाईप करून पाठवलं. मेडलची दुसरी बाजू, कड, तोही फोटो. (हे वाक्य परत वाचा. त्यानं मला पुढं जे जे विकलं ते सगळं याच मेसेजमधलं होतं.)

मग लष्करी नोंदीचे १४,७५०. एवढे का, तर ऑक्टोबर २०२३ ला ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झालाय, कॅटलॉग बंद आहे, आतल्या माणसाकडून काढून घ्यावं लागतं. मी शोधून बघितलं तर हल्ला खरंच झालेला. इथंच हे लोक मारतात, दहातल्या नऊ गोष्टी खऱ्या सांगतात आणि दहावीचं बिल करतात. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं आलं, तर म्हणे बहिणीचं खातं, माझं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं खातं) आहे त्याच्यावर टॅक्स लागतो.

आणि आता ते ९,८०० चं जनगणनेचं पान. १९११. पिवळट कागद, निळी शाई, डाव्या कोपऱ्यात शाईचा डाग, रकाने आखलेले, घर नंबर, नाव, वय, जात, धंदा. त्यात पणजोबा, पणजी, आणि खाली माझे आजोबा, वय वर्षे सहा. मी ते बघितलं आणि अंगावर काटा आला, वडिलांना दाखवलं, ते रडले. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून १९२१ आहे. १९२१! जो माणूस जन्मायला दहा वर्षं होती तो सहा वर्षांचा होऊन घरात बसलाय, आणि हे मला दिसलं, दिसलं नाही असं नाही, त्याच रात्री दिसलं. पण मी स्वतःच स्वतःला समजावलं की तेव्हा जन्मतारखा मास्तरच टाकायचे, निम्मं गाव एक जूनचं, वर्षं मागंपुढं होणारच. अरे पण मागंपुढं म्हणजे किती, सोळा वर्षं? एकवीस वर्षांच्या बाप्याला मास्तर पाच वर्षांचा लिहील का? पण वडील डोळे पुसत असताना कोण आकडेमोड करत बसतं सांगा. त्या बेट्यानं वंशावळीतली नावं घेतली आणि वयं मनानं टाकली, बास.

त्यानंतर ६,२०० महसुलाच्या कागदाचे, मोडी वाचनासकट. आलं काय तर "१८८९ चा सातबारा". ज्यांना माहिती आहे ते हसतील. हक्कनोंदीचा कायदाच मुंबई इलाख्यात १९०३ ला आला, गाव नमुना सात आणि बारा एकत्र ही त्याच्या पुढची गोष्ट, १८८९ ला शेतसारा होता, आकारबंद होता, सातबारा कुठला. सोबतचं मोडीचं पान मी नंतर ओळखीच्या मोडी वाचकाला दाखवलं, तो म्हणाला हा कुणाचातरी कर्जरोखा आहे, गावही तुमचं नाही. कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हापासून मोडीवाल्यांना भाव आला आणि त्यांच्या आडून असले भुरटेही सुटले. खरा मोडी वाचक मूळ कागद समोर मागतो, नुसतं भाषांतर कधी घेऊ नका.

शेवटचे २६,०००, आणि याचं मला सगळ्यात जास्त लागतं. पणजोबांची युद्धाची ग्रॅच्युइटी लंडनला पडून आहे, व्याजासकट वारसांना मिळते, दावा दाखल करायची फी. हाव म्हणा हवं तर, मी म्हणेन त्या माणसाचा हक्क होता असं वाटलं. मग वकिलाचे आणखी ३८,००० मागितले तेव्हा मी सगळे कागद परत काढून बसलो. लष्करी पानावर शिक्का "५ वी मराठा लाइट इन्फंट्री", तारीख १९१६. जुन्या पलटणी एकत्र करून ५ वी केली ती १९२२ ला! म्हणजे मेडलवर ११७ असं कोरलेलं माझ्या हातात, आणि कागद भलतंच सांगतोय. ३८,००० दिले नाहीत, त्याच दिवशी मला ब्लॉक केलं.

आता पोलीस. ठाण्यात गेलो तर सायबरला जा, सायबरला गेलो तर रक्कम लहान आहे, आधी ठाण्यात अर्ज द्या, ठाण्यात परत तर साहेब बंदोबस्ताला, हवालदार म्हणतो तुम्ही स्वतः पैसे पाठवले, कागदही मिळाले, मग फसवणूक कुठं झाली, हे दिवाणी आहे. शेजारचा हसतोय, पणजोबा शोधायला साठ हजार? कोट्यवधी गेलेले लोक इथं बसलेत काका. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही, एफआयआरची कॉपी आणा, आणि एफआयआर लिहायला ठाण्यात बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट पाहिजे, आणि शिक्का मारणारा माणूस रजेवर. शेवटी अर्ज घेतला तर टाईप करणारा विचारतो, ते पणजोबा तुमचेच होते याला पुरावा काय? अहो तोच तर शोधत होतो! एक पोचपावती मिळाली, बाकी काही नाही. समोरच्याचा नंबर चालू आहे, खातं चालू आहे, माझा अर्ज मात्र "चौकशीवर".

तुमचं असं झालं तर ठाण्याच्या पायऱ्या चढायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर फोन करा, पैसे पुढं सरकायच्या आत केला तरच उपयोग. चॅट डिलीट करू नका, मी रागात निम्मं केलं. माणूस युद्धात मरण पावलेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर नाव फुकट शोधता येतं, परत आला असेल तर तिथं मिळणार नाही, आणि ते मिळवून देतो म्हणणारा खोटा. जुने फेरफार आणि सातबारे सरकारच्या आपले अभिलेख साइटवर बघा, तुमच्या तालुक्याचे स्कॅन झाले असतील तर किरकोळ पैशात मिळतात. वंशावळ अनोळखी माणसाला कधीच पूर्ण देऊ नका, एक पिढी चुकीची द्या, कागदावर तीच चूक छापून आली की समजा. साध्या शिपायाची अख्खी सर्व्हिस फाइल चार दिवसांत देतो म्हणणाऱ्याला तर विचारूच नका.

परवा त्याच ग्रुपवर कोल्हापूरकडच्या एकांनी आपल्या घराण्याचं १९११ चं पान अभिमानानं टाकलंय. आडनाव त्यांचं, गाव त्यांचं, डाव्या कोपऱ्यातला शाईचा डाग तोच. मी मेसेज केलाय, अजून बघितलेला नाही. अजून कुणाकडं असं पान आलं असेल तर पुढचा हप्ता द्यायच्या आधी मला दाखवा, माझं शेजारी ठेवून बघू.